हाय सेन्सिटिव्हिटी टॉवर स्पीकर घ्यायचेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेन्सिटिव्हिटी म्हणजे नक्की काय, आणि किती डीबीला 'हाय' म्हणायचं?

स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की समोर १ मीटरवर किती आवाज येतो, तो डेसिबलमधला (डीबी) आकडा. २.८३ च का, तर ८ ओहमच्या स्पीकरमध्ये तेवढ्याने बरोबर १ वॉट जातो म्हणून. घरच्या बहुतेक स्पीकरचा आकडा ८४ ते ८८ डीबीच्या आसपास असतो. ९० च्या वर गेला की लोक हाय म्हणायला लागतात, पण माझ्या मते ॲम्प निवडताना खरा फरक पडतो तो ९३-९४ च्या पुढे, आणि ९८-१०० च्या वर गेलात की तिथे बहुतेक वेळा हॉर्नच, म्हणजे कर्णा, असतो, तो प्रांतच वेगळा.

हिशोब सोपा आहे. ३ डीबी वाढले की तेवढ्याच आवाजाला निम्मे वॉट पुरतात, १० डीबी वाढले की दहावा हिस्सा. कानाला मात्र १० डीबी म्हणजे साधारण दुप्पट मोठा आवाज वाटतो, त्यामुळे ८९ आणि ९० वरून वाद घालत बसू नका, दोन्ही सारखेच.

याचा फायदा काय? आजकाल १०० वॉटचा ॲम्प काही दुर्मिळ नाही.

बरोबर आहे, आणि फक्त वॉट वाचवायला कोणी असे स्पीकर घेऊ नयेत. फायदा दुसरीकडे आहे. ९२ डीबीचा स्पीकर मिळालेल्या विजेपैकी जेमतेम १ टक्का आवाजात बदलतो, बाकीची व्हॉइस कॉइल, म्हणजे स्पीकरचा पडदा (कोन) हलवणारी तारेची गुंडाळी, तापवण्यात जाते. ८६ डीबीला हे प्रमाण पाव टक्का, आणि १०२ ला १० टक्के. कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, १०० अंशांनी तापली तर तांब्याचा रेझिस्टन्स जवळपास ४० टक्क्यांनी वर जातो, आणि मग जिथे ढोलकीची थाप जोरात यायला हवी तिथे ती थोडी दबून येते. घरच्या आवाजाला एवढी कॉइल क्वचितच तापते हे मान्य, पण मोठ्या आवाजात, मोठ्या खोलीत, जोरकस रेकॉर्डिंगवर फरक कळतो. सेन्सिटिव्ह स्पीकरमध्ये तेवढ्याच आवाजासाठी कोनची हालचालही बहुतेक वेळा कमी असते, कारण कोन मोठा असतो किंवा पुढे हॉर्न असतो, त्यामुळे डिस्टॉर्शन कमी.

आता हे सगळं वाचून कोणी ठरवेल की जास्त डीबी म्हणजे जास्त चांगला स्पीकर. तसं अजिबात नाही. ८५ डीबीचे अप्रतिम स्पीकर आहेत आणि १०० डीबीचे कर्कश डबेसुद्धा.

दोन स्पीकरवर ९१ डीबीच लिहिलंय, म्हणजे दोन्ही सारखेच ना?

आधी ओहम बघा, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते (त्याचा इम्पीडन्स). २.८३ व्होल्ट ४ ओहमच्या स्पीकरला दिले की त्यात १ नाही, २ वॉट जातात. म्हणजे ४ ओहमचा ९१ डीबीवाला खरं तर वॉटच्या हिशोबाने ८८ चाच आहे. ट्रान्झिस्टर ॲम्प असेल तर फारसं बिघडत नाही, तो बिचारा करंट देतो. पण कमी वॉटचा व्हॉल्व ॲम्प (काचेच्या नळ्यांवर चालणारा) लावणार असाल तर हे ३ डीबी तुम्हाला नंतर शोधावे लागतील. काही कंपन्या "२.८३ व्होल्ट / १ मीटर" असं स्पष्ट लिहितात, काही "१ वॉट / १ मीटर", आणि काही नुसतंच "९१ डीबी" लिहून गप्प बसतात, त्यांच्यापासून जरा जपून.

कंपनीने छापलेला आकडा खरा मानायचा का?

२-३ डीबी कमी धरून चाला. कधी कधी जास्तही. यात दर वेळी खोटेपणा असतोच असं नाही. कोणी मोकळ्या जागेत मोजतं, कोणी नेहमीच्या खोलीत, आणि खोलीत भिंतींमुळे आकडा आपोआप फुगतो. कोणी एका फ्रीक्वेन्सीला मोजतं, कोणी मिडरेंजची (मधल्या स्वरांची) सरासरी घेतं. स्टिरिओफाइल मासिकात जॉन ॲटकिन्सन वर्षानुवर्षं स्पीकर स्वतः मोजत आले आहेत, आणि हाय सेन्सिटिव्हिटीवाल्या बऱ्याच स्पीकरचा त्यांचा आकडा कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी आलेला दिसतो. घ्यायच्या आधी त्या मॉडेलचं असं स्वतंत्र मेजरमेंट कुठे सापडतंय का ते बघाच. सेन्सिटिव्हिटीसाठी बघा आणि त्याहून जास्त इम्पीडन्सच्या ग्राफसाठी बघा, त्यावर खाली येतोच.

एक छुपी गोष्ट आहे, तिचं नाव बॅफल स्टेप. स्पीकरचा पुढचा फळा जेवढा रुंद त्या मानाने एका फ्रीक्वेन्सीच्या खाली आवाज पुढे जायच्या ऐवजी मागेही वळतो आणि ऐकणाऱ्याला खालचा भाग ६ डीबीपर्यंत कमी मिळतो. शहाणा डिझायनर क्रॉसओव्हरमध्ये (खालचे स्वर वूफरला आणि वरचे ट्विटरला वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) वरचा भाग तेवढा खाली आणून तोल सांभाळतो, आणि तेवढीच सेन्सिटिव्हिटी गमावतो. ज्याला ब्रोशरवर मोठा आकडा हवाय तो हे करतच नाही. मग कागदावर ९५ दिसतो, आणि घरी आणल्यावर गायकाचा आवाज छातीतून यायच्या ऐवजी नाकातून आल्यासारखा वाटतो.

मला नक्की किती वॉट लागतील?

आकडे घालून बघू. समजा तुम्ही ३ मीटरवर बसता. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात, पण खोलीत भिंती आवाज परत देतात म्हणून नुकसान कमी होतं, ढोबळमानाने ६ डीबी गेले असं धरू. दोन स्पीकर आहेत त्याचे ३ परत मिळाले. म्हणजे ८८ डीबीचा जोडा प्रत्येकी १ वॉटवर खुर्चीपाशी ८५ देतो, आणि ९७ चा जोडा ९४.

आता ऐकायची सरासरी पातळी ७५ डीबी, हे चांगलं भरदार ऐकणं झालं. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये पीक (क्षणभराचे सगळ्यात मोठे आवाज) सरासरीच्या वर २० डीबीपर्यंत जातात, म्हणजे ९५. ८८ वाल्याला त्या क्षणी १० वॉट लागले, ९७ वाल्याला सव्वा वॉट. तुम्ही जोरात ऐकणारे असाल आणि पीक १०५ पर्यंत हवे असतील तर पहिल्याला १०० वॉट आणि दुसऱ्याला साडेबारा. ३००बी व्हॉल्वचा सिंगल एंडेड ॲम्प (ज्यात अख्खी लाट एकाच व्हॉल्ववर असते) साधारण ८ वॉट देतो, तो ९७ च्या जोडीवर १०३ पर्यंत पोचतो, बहुतेकांना तेवढं पुरून उरतं. २ए३ व्हॉल्ववाला साधारण साडेतीन वॉटचा असतो, तिथे मात्र ९७ सुद्धा थोडा तोकडाच, १०० च्या आसपासचा बघा. आणि ब्रोशरच्या ९७ चे प्रत्यक्षात ९४ निघू शकतात हे विसरू नका, वरचा सगळा हिशोब तिथल्या तिथे दुप्पट होतो.

मग सगळेच स्पीकर हाय सेन्सिटिव्हिटीचे का बनवत नाहीत?

कारण निसर्ग फुकट काही देत नाही. याला हॉफमनचा आयर्न लॉ म्हणतात, केएलएच या स्पीकर कंपनीतला जो 'एच' तेच हे हॉफमन. लहान खोकं, खोल बास आणि जास्त सेन्सिटिव्हिटी, या तिघांतले कोणतेही दोन घ्या, तिसरं मिळणार नाही. गणितात बघायचं तर एफिशियन्सी खोक्याच्या लिटरच्या प्रमाणात वाढते, आणि बास जिथे संपतो त्या फ्रीक्वेन्सीच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे ६० हर्ट्झपर्यंत जाणारा स्पीकर तीच सेन्सिटिव्हिटी ठेवून ३० पर्यंत न्यायचा असेल तर खोकं आठपट मोठं हवं. खोकं तेवढंच ठेवायचं असेल तर सेन्सिटिव्हिटीतून ९ डीबी काढून द्या.

इतिहासही याच सौद्याचा आहे. पूर्वी ॲम्प दोन-पाच-दहा वॉटचे, आणि त्यावर अख्खं थिएटर भरायचं, म्हणून हॉर्न आणि कपाटाएवढी खोकी. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांनी एआर-१ हा स्पीकर आणला, ज्यात बंद खोक्यातली हवाच स्प्रिंगचं काम करायची. छोट्या खोक्यातून खोल बास यायला लागला, किंमत म्हणून सेन्सिटिव्हिटी गेली. पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॉट स्वस्त झाले आणि लोकांना ती किंमत जाणवेनाशीच झाली, घरात जागा तर हवीच होती. म्हणून आजचा सर्वसाधारण टॉवर ८६-८७ चा. यात कोणी फसवलेलं नाही, लोकांनी जागा निवडली.

म्हणून हाय सेन्सिटिव्हिटीच्या मागे लागण्याआधी स्वतःला एवढंच विचारा, मी खोक्याच्या आकारात पैसे भरणार की बासमध्ये? दोन्हीला नाही म्हणणाऱ्याने दुसरा स्पीकर बघावा.

पण मला एक बारीक टॉवर दिसलाय, साडेसहा इंची दोन वूफर, ९५ डीबी, बास ३० हर्ट्झपर्यंत. हे कसं काय?

वरचा प्रश्न परत वाचा.

बरं, थोडं सांगतो. दोन वूफर पॅरलल जोडले की व्होल्टेजच्या हिशोबाने ६ डीबी वाढतात, पण त्यातले ३ हे ओहम निम्मे झाल्यामुळे ॲम्पकडून जास्तीचे ओढलेले वॉट असतात, खरी कमाई ३ ची. दुसरं म्हणजे ३० हर्ट्झच्या पुढे बारीक अक्षरात काय आहे ते बघा. उणे ३ डीबीला (म्हणजे तिथे आवाज फक्त ३ डीबी उतरलेला) ३० असेल तर खरंच ३० आहे, उणे १० ला असेल तर पूर्ण जोराचा बास कधीच वर कुठेतरी ५० च्या आसपास संपलेला असतो. आणि जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे तो ३० म्हणजे डिझायनरची इच्छा समजा.

हॉर्न, मोठा कागदी कोन, की एकच फुल रेंज ड्रायव्हर? काय घेऊ?

तीन वेगळी घराणी आहेत म्हणा ना.

हॉर्न हा ड्रायव्हर (खोक्यातला आवाज काढणारा भाग) आणि खोलीतली हवा यांच्यात गिअरसारखं काम करतो, छोट्या डायफ्रामचा दाब मोठ्या हवेवर नीट पोचवतो. म्हणून १०० च्या वरचे आकडे इथेच सापडतात. पॉल क्लिप्श यांचा क्लिप्शहॉर्न १९४६ पासूनचा आहे, कंपनी त्याचा आकडा १०५ देते. अडचण बासची. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर असते, तिच्यासाठी सरळ हॉर्न केला तर तो खोलीतच मावायचा नाही, म्हणून क्लिप्शनी हॉर्न घडी घालून खोक्यात बसवला आणि पुढचा भाग म्हणून खोलीच्या कोपऱ्याच्या भिंतीच वापरल्या. अफाट डोकं, पण तुमच्याकडे दोन मोकळे कोपरे हवेत. त्यामुळे आज घरी चालतील असे बहुतेक हॉर्नवाले टॉवर मिश्र असतात, वर हॉर्न आणि खाली १२ किंवा १५ इंची साधा वूफर, क्लिप्शचे कॉर्नवॉल आणि फोर्टे याच जातीचे. फोर्टेमध्ये मागे १५ इंची पॅसिव्ह रेडिएटर (वीज न जोडलेला, आतल्या हवेने हलणारा कोन) आहे, त्यामुळे त्याला पाठीशी भिंत लागते, खोलीच्या मध्यात आणून ठेवलात तर बास हरवतो.

मोठा कागदी कोन आणि सॉफ्ट डोम (कापडी घुमट) किंवा छोटा वेव्हगाइड (उथळ हॉर्न) असलेला ट्विटर, रुंद फळ्याचं खोकं, ९३ ते ९६ डीबी. माझी आवड इथे आहे आणि पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्याला मी हेच सुचवतो. टॅनॉय कंपनीचे ड्युअल कॉन्सेंट्रिक, जे १९४७ पासून बनतायत, तेही साधारण याच गावचे, फक्त ट्विटर वूफरच्या पोटात बसवलेला, त्यामुळे जवळ बसूनही सगळा आवाज एकाच बिंदूतून आल्यासारखा वाटतो.

फुल रेंज म्हणजे लोथरसारखे एकटे ड्रायव्हर, क्रॉसओव्हरच नाही. एकट्या गळ्याचं गाणं, एखादं वाद्य, छोटी मैफल यात जे ऐकू येतं त्याने माणूस वेडा होतो. आणि मग भरगच्च ऑर्केस्ट्रा लावला की शुद्धीवर येतो. वरच्या मिडरेंजमध्ये चढ, बास कमी, आणि गोड आवाज नेमक्या एका खुर्चीपुरता. दुसरा स्पीकर म्हणून जरूर घ्या, एकुलता एक म्हणून घेताना दहादा विचार करा.

हॉर्न कानाला टोचतात असं ऐकलंय.

काही टोचतात. जुने, पत्र्याचे. चांगल्या आधुनिक वेव्हगाइडमध्ये तो कर्णेपणा बराच गेलाय. पण बऱ्याचदा दोष हॉर्नचा नसतोच, ट्विटर वूफरपेक्षा ३-४ डीबी मोठा ठेवलेला असतो, कारण दुकानात पाच मिनिटांत असा स्पीकर 'क्लिअर' वाटतो. तीच पाच मिनिटं घरी तीन तास झाली की डोकं धरतं. ज्या मॉडेलला मागे ट्रेबल कमी-जास्त करायची सोय आहे त्याला माझ्याकडून एक गुण जास्त.

व्हॉल्व ॲम्पच घ्यायला हवा का?

नाही. छान ट्रान्झिस्टर ॲम्प किंवा क्लास डी (कमी तापणारा ट्रान्झिस्टरचाच प्रकार) सुद्धा अशा स्पीकरवर उत्तम वाजतो, ॲम्पचा नॉइज कमी असला की झालं. फक्त अनेकांना छोटा व्हॉल्व ॲम्प वापरायचा असतो म्हणूनच ते हे स्पीकर शोधत येतात, तर त्यांच्यासाठी.

फीडबॅक (ॲम्पने स्वतःची चूक सुधारायची सोय) नसलेल्या सिंगल एंडेड ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा अडथळा, २-३ ओहम असू शकतो. स्पीकरचा इम्पीडन्स कधीच सपाट नसतो, एका फ्रीक्वेन्सीला ४ ओहम, दुसरीकडे ३० असं चालू असतं. ॲम्पचा ३ ओहम धरला तर या दोन ठिकाणांमध्ये आवाजात ४ डीबीचा फरक पडतो, म्हणजे ॲम्पने तुम्हाला न विचारता इक्वलायझर फिरवला. तोच स्पीकर ०.१ ओहमच्या ॲम्पवर लावला तर फरक ०.२ डीबी, कोणालाही कळणार नाही. एवढ्यावरून लोक म्हणतात व्हॉल्वचा आवाज 'उबदार', अरे बाबांनो तो तुमच्या स्पीकरचा इम्पीडन्सचा ग्राफ ऐकू येतोय. तो आवडला तर आवडला, त्यात गुन्हा नाही, फक्त मित्राच्या घरी त्याच्या स्पीकरवर जो ॲम्प गोड वाजला तो तुमच्याकडे तसाच वाजेल याची खात्री नाही.

म्हणून छोट्या व्हॉल्व ॲम्पसाठी ९५ डीबी आणि शांत इम्पीडन्स हा स्पीकर ९८ डीबी आणि उड्या मारणाऱ्या इम्पीडन्सपेक्षा चांगला. आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या) नियमानुसार इम्पीडन्सचं सगळ्यात खालचं टोक छापील आकड्याच्या ८० टक्क्यांच्या खाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहम लिहिलं तर ६.४ च्या खाली नको. प्रत्यक्षात ८ ओहमचं लेबल लावलेले आणि साडेतीनपर्यंत उतरणारे टॉवर खुशाल विकले जातात. ॲम्पला ४ आणि ८ चे वेगळे टॅप (मागे स्पीकरची वायर लावायच्या जागा) असतील तर दोन्ही लावून ऐका आणि आवडेल तो ठेवा, मागच्या लेबलवर काय लिहिलंय त्याचं फार मनावर घेऊ नका.

माझ्याकडे १५० वॉटचा ॲम्प आहे, ९७ डीबीचा स्पीकर उडेल का?

व्हॉल्यूम तुमच्या हातात आहे, तोवर नाही.

स्पीकर लावल्यापासून गाणं बंद असतानाही "स्सस्स" ऐकू येतंय. बिघडलाय का?

बहुतेक नाही. ॲम्पचा स्वतःचा नॉइज आधीही होता, आता स्पीकर तो तुम्हाला १० डीबी मोठा करून ऐकवतोय. ॲम्पच्या आउटपुटवर १ मिलिव्होल्ट नॉइज असेल तर ८७ च्या स्पीकरसमोर तो १८ डीबी, खोलीतल्या शांततेत बुडून जातो. ९७ च्या स्पीकरसमोर तोच २८ डीबी, रात्री शांत खोलीत कान जवळ नेला की हमखास कळतो. कान ट्विटरपाशी नेल्यावरच ऐकू येत असेल आणि खुर्चीत बसून येत नसेल तर विसरून जा.

खुर्चीतून येत असेल तर आधी शोधा की कुठून येतोय. प्रीॲम्पच्या वायरी काढून ॲम्पचे इनपुट शॉर्ट करा, आवाज तसाच राहिला तर ॲम्पचाच, गेला तर मागच्या कुठल्यातरी यंत्राचा. "स्सस्स" ऐवजी "हंऽऽम" असेल तर ग्राउंड लूप (यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला करंट) असण्याची शक्यता दाट, सगळी यंत्रं एकाच पॉवर स्ट्रिपवर आणून बघा. अर्थिंगची पिन कापून हम घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ती जीव वाचवायला असते. आणि एसीवर फिलामेंट पेटवणाऱ्या सिंगल एंडेड ॲम्पचा थोडा हम राहतोच, म्हणून १०० डीबीच्या हॉर्नवर असा ॲम्प घ्यायच्या आधी तुमच्याच स्पीकरवर लावून बघायला मागा.

व्हॉल्यूमचं बटण जरासं हललं तरी आवाज खूप होतो, आणि कमी आवाजात एक बाजू लहान वाटते.

दोन्हीचं मूळ एकच, गेन, म्हणजे ॲम्प सिग्नल किती पट वाढवतो ते, जास्त आहे. साधा डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल बनवणारं यंत्र) २ व्होल्ट देतो, नेहमीचा ॲम्प २९ डीबी गेनचा, म्हणजे बटण पूर्ण उघडलं तर ५६ व्होल्ट. तुम्हाला ९७ च्या स्पीकरवर खुर्चीपाशी ७५ डीबी हवे असतील तर लागतात फक्त ०.३ व्होल्टच्या आसपास. म्हणजे ४५ डीबी आवाज मारून टाकायचं काम त्या बटणावर, तेही त्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि साध्या पोटेन्शिओमीटरचे (बटणामागच्या भागाचे) दोन चॅनल तिथेच एकमेकांशी जुळत नाहीत. उपाय म्हणजे पॉवर ॲम्पच्या आधी १० ते २० डीबीचा इनलाइन ॲटेन्युएटर, छोटीशी वस्तू असते, आरसीए वायरीच्या टोकाला लागते. स्पीकरच्या बाजूला रेझिस्टर लावून सेन्सिटिव्हिटी कमी करू नका, मग एवढे मोठे स्पीकर आणले कशाला?

माझी खोली लहान आहे, चालतील का?

लहान खोलीत अडचण आवाजाची नसते, अंतराची असते. उंच टॉवरमध्ये वूफर खाली, हॉर्न वर, त्यांचे आवाज एकत्र मिसळायला जागा लागते, मोठ्या हॉर्नवाल्यांना अडीच-तीन मीटर तरी द्या. दोन मीटरवर बसणार असाल तर ड्युअल कॉन्सेंट्रिक बघा, नाहीतर लहान दोन-वे, म्हणजे एक वूफर आणि एक ट्विटरवाला.

दुसरी गोष्ट भिंतीची. स्पीकरमागची भिंत १ मीटरवर असेल तर ८६ हर्ट्झच्या आसपास परत आलेली लाट मूळ लाटेला खाऊन टाकते, अर्ध्या मीटरवर असेल तर हाच खड्डा १७२ ला सरकतो. आणि खोलीची लांबी ५ मीटर असेल तर ३४ हर्ट्झला खोली स्वतःच घुमते. म्हणून महाग स्पीकर घेण्याआधी आहेत तेच स्पीकर आणि खुर्ची एक-एक फूट पुढे-मागे करून बघा, फुकट आहे. मोजायचं असेल तर आरईडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, एक यूएसबी माइक घेतला की खोलीचं सगळं पितळ उघडं पडतं.

मी हळू आवाजातच ऐकतो. हे स्पीकर हळू आवाजात जास्त जिवंत वाटतात हे खरं का?

अनेकांना वाटतात, मलाही, पण कारण जे सांगितलं जातं ते नेहमी बरोबर नसतं. हळू आवाजात आपल्या कानालाच बास कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलंय, आणि स्पीकर कोणताही असो, ही गोष्ट बदलत नाही. बऱ्याच सेन्सिटिव्ह स्पीकरमध्ये वरचा मिडरेंज किंचित पुढे असतो, त्यामुळे हळू आवाजात शब्द स्पष्ट कळतात आणि आपण म्हणतो वा काय जिवंत आहे. त्याच स्पीकरवर आवाज वाढवला की तोच पुढेपणा खटकायला लागतो. हळू ऐकणाऱ्याला ८७ चा चांगला टॉवर आणि लाउडनेसचं बटण (हळू आवाजात बास वाढवणारं) असलेला ॲम्प हेही तितकंच उपयोगी आहे, कोणी विकायला येत नाही म्हणून कोणी सांगत नाही.

सबवूफर लावावा का?

आयर्न लॉमधून बाहेर पडायचा तोच एक सभ्य रस्ता आहे. मुख्य स्पीकर ५०-६० हर्ट्झपर्यंतच जाऊ दे, खालचं काम वेगळ्या ॲम्पवाल्या सबला द्या, सबला स्वतःचे वॉट असतात त्यामुळे त्याची सेन्सिटिव्हिटी कोण विचारतो. व्हॉल्व ॲम्पवाल्यांनी हाय लेव्हल इनपुट असलेला सब बघावा, तो ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवरूनच सिग्नल घेतो. सब लावलाय हे कळायला लागलं की लेव्हल जास्त आहे, कमी करा. सिनेमाच्या लेव्हलवर ठेवून गाणी ऐकणारे बघितलेत, त्यांना बोलून उपयोग नसतो.

जुने, वापरलेले घ्यावेत का?

या प्रकारात तर जरूर बघा, मोठी खोकी लोकांना घरातून हलवायची घाई असते. वूफरच्या कडेची रिंग फोमची असेल तर १५-२० वर्षांत भुगा होतो, बोट लावलं की कळतं, ती बदलता येते पण त्याचा खर्च किमतीतून वजा करा. घड्या घातलेल्या कापडाची कड असेल तर निर्धास्त, ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सारख्या जोराने हलकेच आत दाबा, खरखर आली तर कॉइल घासतेय, सोडून द्या. दोन्ही ट्विटर एकसारखे वाजतात का ते मोनो गाणं लावून एका वेळी एकाच बाजूला ऐका. क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जुने झाले की आवाज मंदावतो, बदलणं फार अवघड नाही. आणि सीरियल नंबर जोडीचे आहेत ना ते बघायला विसरू नका.

केबल, स्पाइक, बर्न-इन?

अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. जमीन ओबडधोबड असेल तर स्पाइक (खाली लावायचे टोकदार पाय). बर्न-इनपेक्षा (नवा स्पीकर वाजवून वाजवून मोकळा होतो असं म्हणतात ते) तुमचा कानच दोन आठवड्यांत सरावतो.

डेमोला गेल्यावर काय ऐकू?

स्वतःची गाणी घेऊन जा, दुकानातली नको, ती निवडलेलीच असतात. तुम्हाला पाठ असलेला एखादा माणसाचा आवाज, त्यात छाती आहे का नुसता घसा आहे ते बघा. मग गर्दीचं संगीत, सगळे एकदम वाजतायत असं. मग एक खराब रेकॉर्डिंग मुद्दाम, कारण घरी आपण अर्धी गाणी खराबच रेकॉर्ड झालेली ऐकतो, आणि काही हॉर्नवाले त्यांची अशी चिरफाड करतात की ती गाणी परत लावावीशीच वाटत नाहीत. दोन स्पीकरची तुलना करताना आवाज मीटरने सारखा करून घ्या, नाहीतर ९७ वाला ८८ वाल्याला केवळ मोठा वाजतोय म्हणून हरवेल. शक्य असेल तर स्वतःचा ॲम्प उचलून न्या, वर सांगितलेलं इम्पीडन्सचं प्रकरण लक्षात आहे ना.

बसून अर्धा तास तरी ऐका, आणि मधे उठून शेजारच्या खोलीत जाऊन ऐका. तिथूनही कोणीतरी खरंच गातंय असं वाटलं तर स्पीकरचा तोल चांगला आहे.

सहज आवाज वाढतो म्हणून काही काळजी घ्यावी का?

हो, हे खरंच. डिस्टॉर्शन कमी असलं की आवाज मोठा झालाय हे कळतच नाही. अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगार आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डीबीला दिवसाचे ८ तास ही मर्यादा आहे आणि पुढे दर ३ डीबीला वेळ निम्मा, म्हणजे १०० डीबीला फक्त १५ मिनिटं. फोनवरचं डीबी मीटर फार अचूक नसतं, पण एवढं कळायला पुरतं.

आणले, लावले, पण आवाज पातळ येतोय आणि बास गायब आहे. फसलो का?

आधी मागे जाऊन वायरी बघा. एका स्पीकरचं लाल-काळं उलटं लागलं असेल तर नेमकं हेच होतं, बास एकमेकांना खाऊन टाकतो आणि गायक मधे उभा राहायच्या ऐवजी खोलीभर पसरतो. ते बरोबर असेल तर स्पीकर भिंतीकडे हातभर सरकवा आणि तेच गाणं परत लावा. त्यानेही भागलं नाही तर ॲम्पचा दुसरा टॅप, मग खुर्ची मागे-पुढे. हे सगळं झाल्यावरही पातळच असेल तर तो बॅफल स्टेपवाला प्रकार आहे, त्याला सब लावून उपयोग नाही कारण कमी पडलेला भाग १०० ते ४०० हर्ट्झमध्ये असतो, इक्वलायझरने तेवढाच भाग ३-४ डीबी वर करून बघा, आणि परत करायची मुदत शिल्लक असेल तर खोकी फेकू नका.